पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, एचपीव्ही चाचणी आणि लस: दाराशी थांबून विचारलेले प्रश्न

धाराशिव जिल्ह्यात आरोग्य खात्यात माझी तीस वर्षं गेली. आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स होते, मग आरोग्य सहायिका. निवृत्त झाले तरी बचत गटाच्या बैठकीला बोलावणं येतं. बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. बैठक मोडली की एखादी बाई चपला शोधायच्या निमित्तानं मागं रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, एक इचारू का?" खरे प्रश्न तिथं येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथं लिहिले आहेत. भाषा बैठकीतलीच ठेवली आहे: पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि पिशवीचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख.

हा कॅन्सर होतो तरी कशानं?

एचपीव्ही नावाच्या विषाणूनं. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काहींनी नुसते मस येतात, आणि डझनभर प्रकार धोक्याचे. १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार सगळ्यात वाईट. जगातले या कॅन्सरचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोघांच्याच खात्यावर जातात. हे शोधून काढलं हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं, १९८० च्या दशकात. तोवर बहुतेकांचा संशय हर्पिसच्या विषाणूवर होता आणि या माणसाचं कुणी फारसं ऐकत नव्हतं. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

विषाणू शिरला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, सर्दी जाते तसा. ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात. बिघाडापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार चालू नसतील तर ५ ते १० वर्षांतच. एवढा वेळ देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल, आणि तरी बाया येतात त्या शेवटच्या टप्प्यावर.

म्हणजे नवऱ्यानं बाहेर काहीतरी केलं असणार ना?

हा प्रश्न मला नवऱ्यांनीही विचारलाय, उलट्या बाजूनं. एकदा एक बाई रिपोर्ट डाळीच्या डब्यात लपवून ठेवून तीन महिने गप्प बसली, कारण शेजारणीनं सांगितलं होतं की हा "तसल्या बायांचा" आजार आहे.

नीट ऐका. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्याच बाया-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो. एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बाईलाही होतो. कातडीला कातडी लागली तरी पसरतो, म्हणून निरोधनंही पूर्ण अडत नाही, काही प्रमाणातच अडतो. शिवाय तो वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो. आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. त्या कागदावरून घरात भांडण काढणं म्हणजे पावसाच्या थेंबाला कुठल्या ढगातून आलास असं विचारणं.

अंगावरून पांढरं जातं. कॅन्सर असेल का?

बहुतेक वेळा नाही. साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. पण पुढचं काही होत असेल तर "बघू पुढच्या महिन्यात" करू नका: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच लाल जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसणं, घाण वास येणारं पाणी जाणं. पाळी गेल्यावर लाल दिसलं की आपल्याकडे म्हाताऱ्या बाया "पुन्हा पाळी आली" म्हणून हसण्यावारी नेतात. पाळी पुन्हा येत नसते.

पिशवीच काढून टाकली तर कटकटच मिटली. नाही का?

या प्रश्नाला थोडा वेळ देते, कारण आपल्या भागात याची फार मोठी किंमत बायांनी मोजली आहे.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसात फडात ना आडोसा, ना पाणी, ना धड फडकं. संसर्ग होतो, पांढरं जातं, कंबर धरते. बाई खासगी दवाखान्यात जाते. तिथं सोनोग्राफी होते आणि वाक्य ठरलेलं असतं: "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." पंचविशी-तिशीतली बाई उचलीतल्याच पैशानं ऑपरेशन करून मोकळी होते. २०१९ साली हे प्रकरण गाजल्यावर सरकारनं समिती नेमली. एकट्या बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

आता शास्त्र काय म्हणतं ते. पांढरं जाण्यावर पिशवी काढणं हा इलाज नाही. "पिशवीला सूज" हा कॅन्सरच्या आधीचा टप्पाही नाही. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. सोनोग्राफीत कॅन्सरच्या आधीचा बिघाड दिसतच नाही. आणि तो बिघाड सापडला तरी बहुतेक वेळा पिशवी जागेवर ठेवूनच बरा करता येतो, त्याबद्दल पुढं सांगते.

पिशवीबरोबर बीजांडंही काढली, तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशी एक बाई मला माहीत आहे. बत्तिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं, आज चाळिशी पार केलीय, आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरते.

ज्यांची पिशवी काढून झाली आहे त्यांनी एवढं करावं: डिस्चार्ज कार्ड शोधून पिशवीचं तोंडही काढलंय की नाही ते डॉक्टरांकडून वाचून घ्यावं. तोंड शिल्लक असेल तर चाचणी लागतेच.

आपल्या जिल्ह्यात यावर मोठं संशोधन झालं होतं म्हणतात, ते काय?

झालं होतं, आणि जगभर त्याचं नाव आहे. फक्त आपल्यालाच ते माहीत नाही.

जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. १९९९ पासून इथल्या गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. पहिल्या भागात एचपीव्ही चाचणी. दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची चाचणी. तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायचं. चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त माहिती. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ बाया. काम केलं बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून.

माझ्या सासूबाई त्या सव्वा लाखातल्या एक. शाळेच्या वर्गात पडदा म्हणून जुनं लुगडं बांधलं होतं आणि फळ्यावर मुलांचं भागाकाराचं गणित तसंच होतं, एवढं त्या सांगतात. नर्सनं ब्रशनं तपासायला आतलं पाणी घेतलं, नाव लिहिलेला कागद हातात दिला. तो कागद त्यांनी ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली ठेवला. अजून आहे.

आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या भागातल्या ३४,१२६ बायांपैकी या कॅन्सरनं ३४ गेल्या. तपासणी नसलेल्या भागातल्या ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. पुढच्या टप्प्यात गेलेला कॅन्सर एका बाजूला ३९ जणींना, दुसऱ्या बाजूला ८२ जणींना. म्हणजे आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. आणि एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बायांपैकी आठ वर्षांत या कॅन्सरनं एकही दगावली नाही. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मृत्यूंमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आज सगळ्या देशांना पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीच करा असं सांगते. त्या सल्ल्याच्या पायाशी जे पुरावे आहेत त्यात आपल्या जिल्ह्यातल्या बायांचं पाणी आहे.

मग चौथ्या भागातल्या बायांचं काय?

हा प्रश्न बैठकीत एका नववी शिकलेल्या मुलीनं विचारला होता. देशोदेशीच्या नामवंत डॉक्टरांनीही नेमका हाच विचारला.

टीकाकार म्हणाले, तपासणीनं जीव वाचतात हे श्रीमंत देशांत आधीच दिसलेलं असताना हजारो बायांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणं बरोबर नव्हतं. संशोधकांचं उत्तर होतं की या भागात तेव्हा कुणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणजे त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. आणि आपल्यासारख्या ठिकाणी काय चालतं हे कळल्याशिवाय सरकार पैसे घालत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझं मत विचाराल तर मला त्या प्रयोगापेक्षा प्रयोगानंतरची वर्षं जास्त बोचतात. निकाल छापून दहा वर्षं उलटल्यावर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी हा तपास एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. ज्यांनी जगाला उत्तर शोधून दिलं त्यांच्या लेकी-सुनांनाच ते पोचलं नाही.

म्हणजे उपकेंद्रात व्हिनेगर लावून बघतात ते कुचकामी?

नाही, असं म्हणू नका. मी स्वतः ते शेकडो वेळा केलंय. खोलीभर लोणच्यासारखा आंबट वास सुटतो, मिनिटभर थांबायचं, बिघडलेली जागा पांढरी पडते. तामिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात याच पद्धतीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलनं दहावी शिकलेल्या बायांना शिकवून हे काम दिलं, तिथं ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे तसा फरक दिसला नाही. दिंडिगुलला आणि मुंबईला बघणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि देखरेख कडक होती. मुंबईत तर तपासणी एकदा नाही, दर दोन वर्षांनी झाली.

गोम अशी की व्हिनेगरची चाचणी बघणाऱ्याच्या डोळ्यावर असते. संध्याकाळी लाईट गेलेली, बॅटरी मंद, चाळिसावी बाई टेबलावर, अशा वेळी माझा डोळा सकाळइतका तेज नसायचा हे मी कबूल करते. पाळी गेलेल्या बायांमध्ये ती जागा आत सरकते, मग दिसतच नाही. एचपीव्ही चाचणी यंत्र करतं. यंत्राला दमायला होत नाही.

तरी एचपीव्ही चाचणी मिळत नसेल तर व्हिनेगरची करून घ्या. काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. आता किती दिवस उरले?

हा प्रश्न शब्दशः असाच आला होता, म्हणून तसाच ठेवला.

उस्मानाबादच्या अभ्यासात तपासलेल्या दर दहा बायांमागे साधारण एकीचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. त्यातल्या बहुतेकींना काहीही झालेलं नव्हतं. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहे, आता पिशवीचं तोंड भिंगातून नीट बघून घ्या, एवढाच अर्थ. बिघाड दिसला नाही तर डॉक्टर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बोलावतात. बिघाड छोटा असेल तर गरम सळईसारखं छोटं यंत्र त्या जागेवर मिनिटभराच्या आत टेकवून बिघडलेल्या पेशी जाळून टाकतात. पोटात पाळीसारखी कळ येते, बाई चालत घरी जाते. मोठा असेल तर तारेच्या कड्यानं तेवढा भाग काढतात. पिशवी राहते, पुढं मूलही होऊ शकतं.

घाबरून जाणं एकवेळ परवडलं. रिपोर्ट डाळीच्या डब्यात ठेवणं परवडत नाही.

चाचणी कुठल्या वयात, किती वेळा?

एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर ती तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बाईनं २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. व्हिनेगरची सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर ५ वर्षांनी. पाळी चालू असताना करत नाहीत.

टेबलावर झोपायची लाज वाटते हो. त्यात डॉक्टर गडी असला तर?

लाज वाटणारच. त्यात चुकीचं काही नाही. इतकी वर्षं आम्ही बायांना "लाजू नका" असं सांगत आलो, जणू दोष बाईचाच.

आता या लाजेवर तोडगा निघाला आहे. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. मऊ ब्रश असतो, काजळाच्या काडीपेक्षा थोडा मोठा. मोरीत किंवा पडद्यामागं जाऊन आत सरकवायचा, चार-पाच वेळा फिरवायचा, नळीत टाकून झाकण लावायचं. स्वतः घेतलेला नमुना चांगल्या प्रतीच्या चाचणीत नर्सनं घेतलेल्याच्या तोडीचा ठरतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली आहे. एका बैठकीत मी रिकामा ब्रश फिरवून दाखवला तर मागून एक आजी म्हणाल्या, "एवढंच व्हय? मग इतकी वरसं आमाला टेबलावर कशापायी घेत हुता?" मला उत्तर देता आलं नाही.

टीबीसाठी ग्रामीण भागात जे ट्रूनॅट यंत्र बसवलं आहे, त्यावर चालणारी एचपीव्ही चाचणीही आता भारतातच तयार झाली आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ती मिळते का हे विचारत राहा. मागणी केल्याशिवाय कुठलंच किट तालुक्याला येत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

सगळं फुकट असून बाया येत का नाहीत?

वरिष्ठांच्या बैठकीत याला एकच शब्द असायचा: अज्ञान. मला तो कधी पटला नाही.

सोयाबीनच्या काढणीत बुधवारी दुपारी शिबिर ठेवलं तर कोण येणार? त्या दिवसाची मजुरी कोण देणार? सासूला काय सांगून निघायचं? "धडधाकट हाय की मी" असं म्हणणाऱ्या बाईला आजार नसताना दवाखाना हा विचारच परका आहे. आपल्याकडे दवाखान्यात जातात ते पडल्यावर. आणि सगळ्यात मोठी भीती चाचणीची नसते, निकालाची असते. कळलं तर पुढचा खर्च, म्हणून कळूच नये.

बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर आपले भूम आणि परंडा हे दोन तालुके तिच्यात होते. नोंदणीचं काम म्हणजे खरं तर रुग्ण मोजणं. पण ते कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी लक्षणांबद्दल बोलायचे, शंका असलेल्या बाईला दवाखान्यापर्यंत यायला राजी करायचे. कुठलंही महागडं यंत्र न आणता काही वर्षांतच या कॅन्सरच्या बाया आधीच्या टप्प्यावर यायला लागल्या. ओळखीचा माणूस दारात पुन्हा पुन्हा येतो तेव्हा बाई उठते. पोस्टर बघून मी कुणाला उठताना पाहिलं नाही.

लसीचा एकच डोस पुरतो म्हणतात. हे काटकसरीसाठी तर नाही?

शंका रास्त आहे. पण यामागची गोष्ट विलक्षण आहे आणि तिच्यातही बार्शी आहे.

२००९ मध्ये भारतात नऊ केंद्रांवर एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय त्यातलं एक. १० ते १८ वयाच्या मुलींना लसीचे तीन डोस द्यायचे की दोन पुरतात, एवढंच बघायचं होतं. त्याच सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये दुसऱ्याच एका संस्थेच्या लसीकरण प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही, पण पालकांची संमती घेण्यात गंभीर त्रुटी निघाल्या आणि पुढं संसदेच्या समितीनंही त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशातलं या लसीचं सगळं संशोधन थांबवलं.

नऊ केंद्रांच्या अभ्यासात तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, आणि त्यातल्या जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर अडकल्या. पुढचा डोस मिळालाच नाही. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, दहा वर्षं त्यांच्या मागावर राहिले. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनं ९५.४ टक्के संरक्षण दिलं. दोन डोसांनी ९३.१, तीन डोसांनी ९३.३. म्हणजे फरक नाहीच. मग केनियात मुद्दाम आखून अभ्यास झाला, त्यातही एका डोसनं तितकंच भक्कम संरक्षण दिलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयात एक किंवा दोन डोस चालतील असं जाहीर केलं. २१ पुढं दोन, आणि एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती कमी असेल तर किमान दोन, जमल्यास तीन.

कॅन्सरच कमी होतो का, याचं उत्तर बाहेरच्या देशांतून आलं. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी दिसला. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्यांत ८७ टक्क्यांनी.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही देशी लस २०२२ मध्ये मंजूर झाली. सिक्कीमनं तर २०१८ मध्येच राज्यभर मुलींना लस द्यायला सुरुवात केली होती. आपल्या गावात सध्या कोणत्या वयाच्या मुलींना, कुठं, कधी मिळते ते आशाताईंना किंवा एएनएमला विचारा.

लसीनं पुढं मूल होत नाही, हे खरं का?

खोटं. पोलिओच्या थेंबांबद्दलही हेच बोललं गेलं होतं. या लसीचे २०१७ पर्यंतच जगभरात २७ कोटींहून जास्त डोस देऊन झाले होते, आणि तज्ज्ञ समित्यांनी पुन्हा पुन्हा तपासूनही वंध्यत्वाशी संबंध आढळला नाही. दंड दुखतो, थोडा ताप येतो. काही मुलींना सुई बघूनच चक्कर येते, म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवतात. उपाशीपोटी आणू नका.

इतक्या लहान वयात कशाला? मुली बिघडतील.

लस विषाणू येण्याआधी दिली तरच पुरी लागू पडते. धनुर्वाताची लस घेतली म्हणून कुणी मुद्दाम गंजलेल्या खिळ्यावर पाय देत नाही. परदेशात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींची तुलना झाली आहे, वागण्यात फरक पडला नाही.

मुलग्यांना द्यावी का?

देता येते, फायदाही आहे. घसा आणि गुदद्वाराचे काही कॅन्सर याच विषाणूनं होतात. पण डोस मोजके असतील तर आधी मुली.

माझं वय ४२ आहे. मी घेऊ?

तुमच्यासाठी चाचणी महत्त्वाची. लसीचे पैसे लेकीसाठी ठेवा.

लस घेतली तर चाचणी नको ना?

हवी. लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही. तिशीनंतर चाचणी करायचीच.

कॅन्सर निघालाच तर? "लाईट" दिल्यावर माणूस वाचत नाही म्हणतात.

किरणोपचाराला आपल्याकडे लाईट देणं म्हणतात. लाईटनं माणूस मरत नाही. उशिरा आल्यानं मरतं, आणि नाव लाईटचं होतं. सुरुवातीच्या टप्प्यात हा कॅन्सर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, ऑपरेशननं किंवा किरणोपचारानं.

थोडा पसरलेला असेल तेव्हासाठी अलीकडे एक चांगली बातमी आली. ५०० रुग्णांच्या एका अभ्यासात, ज्यात भारतातल्याही बाया होत्या, निम्म्या जणींना किरणोपचार आणि केमो सुरू करण्याआधी सहा आठवडे दर आठवड्याला दोन जुनी, स्वस्त केमोची औषधं दिली. २०२४ मध्ये छापलेल्या निकालानुसार पाच वर्षांनी या गटातल्या ८० टक्के बाया हयात होत्या; नेहमीच्या उपचाराच्या गटातल्या ७२ टक्के. नवं महागडं औषध शोधलं नाही, असलेलीच औषधं आधी दिली. आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. सगळ्यांना ते लागू पडेलच असं नाही.

उपचार बार्शीला होतात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा कॅन्सर बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आणि किरणोपचार अर्धवट सोडून गावाकडे येऊ नका. तिसऱ्या आठवड्यात थकवा येतो, घरी पेरणी असते, लेकरं फोनवर रडतात, आणि बाई एसटीत बसते. मी अशा दोघींना परत नेऊन सोडलंय. एक आली नाही.

ताई, तुम्ही स्वतः केली का चाचणी?

हा प्रश्न एका पोरीनं सगळ्यांसमोर विचारला, दाराशी नाही. मी तेव्हा ४९ वर्षांची होते, वीस वर्षं दुसऱ्या बायांना टेबलावर झोपवत होते, आणि माझी एकदाही झालेली नव्हती. वेळ मिळाला नाही असं म्हणाले. सगळ्या हसल्या.

पुढच्या आठवड्यात केली. निगेटिव्ह आली. तो कागद सासूबाईंच्या ट्रंकेत, त्यांच्या कागदाशेजारी ठेवलाय. सून या मार्चमध्ये तिशीची झाली. तिला सोमवारी घेऊन जायचंय, तिच्या मजुरीच्या खाड्याचं मी बघते.